मानेतली गादी सरकली, दुर्बिणीने निघेल का?

मानेचं दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की लोक आधी विचारतात टाके किती पडणार, पण विचारायला हवं ते हे की दोन मणक्यांमधली गादी सरकलीय कुठल्या बाजूला.

गादीतला मऊ गर बाहेरचं आवरण फाडून कडेला आला की हातात जाणाऱ्या नसेवर बसतो. पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी असेल तर अंगठ्याकडे मुंग्या, सहाव्या-सातव्यामधली असेल तर मधल्या बोटाकडे. काही जणांना हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, कारण नसेवरचा ताण कमी होतो.

1950 च्या दशकापासून रुळलेली पद्धत म्हणजे गळ्याच्या पुढून जायचं, अख्खी गादी काढायची आणि दोन मणके जोडून टाकायचे. पद्धत चांगलीच आहे, आजही सर्रास करतात, फक्त तेवढ्या सांध्याची हालचाल जाते आणि वाट अन्ननलिकेशेजारून असल्याने काही दिवस गिळायला त्रास होऊ शकतो.

दुर्बिणीवाले बहुतेक मागून जातात. पेशंट पालथा, मानेवर सेंटीमीटरभर किंवा त्याहून छोटा छेद, स्नायू न कापता बाजूला सारत नळी आत, सलाइनचा प्रवाह चालू, आणि स्क्रीनवर बघत सांध्याच्या कडेचं थोडं हाड घासायचं (निम्म्याहून जास्त घासलं तर सांधा डळमळीत होतो), मग नसेखाली अडकलेला तुकडा चिमट्याने ओढून काढायचा. बाकी गादी जागेवर, हालचालही शाबूत. जर्मनीतल्या रूटेन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 5.9 मिलिमीटरच्या दुर्बिणीची गळ्याच्या पुढून जाण्याच्या पद्धतीशी तुलना केली, 2 वर्षांनी निकाल साधारण सारखेच निघाले.

पण हे सगळं कडेला सरकलेल्या गादीसाठी हं! कमरेत खाली सुट्या नसा असतात, त्या जपून बाजूला करता येतात, मानेत अख्खा मज्जारज्जू असतो आणि त्याला ढकलायची सोयच नाही. म्हणून गादी मधोमध आली असेल तर मागून दुर्बीण घालून ती काढणं धोक्याचं, अशा वेळी पुढूनच जाणं बरं. 'बिनटाक्याचं ऑपरेशन' अशा जाहिरातींत हे कुणी लिहीत नाही.

आणि मुळात घाई कशाला? डॉ. राधाकृष्णन यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टरमधले मानेची नस दबलेले 561 पेशंट अभ्यासले, 1994 मध्ये छापून आलं, त्यात ऑपरेशन झालं फक्त 26 टक्क्यांचं, आणि शेवटच्या तपासणीत 90 टक्के लोक एकतर ठीक होते किंवा किरकोळ त्रास होता. गोळ्या, फिजिओ आणि काही आठवडे धीर, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

वाट बघायची नाही ती वेगळ्या लक्षणांत: शर्टाची बटणं लागेनाशी झाली, चालताना तोल जायला लागला, पायातली चप्पल निसटलेली कळली नाही, लघवीवरचा ताबा गेला, किंवा हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होतेय. तेव्हा एमआरआय घेऊन लगेच मणक्याच्या सर्जनकडे जा, आणि तिथेही गादी मधोमध आहे की कडेला हे फिल्मवर दाखवायला सांगा.