मधल्या खंडाची ओढ

एका अद्भुतरम्य मालिकेचा चौथा खंड मी आधीचे तीन न वाचताच उघडला होता. मुखपृष्ठ आवडलं, एवढंच निमित्त. तीसेक पानांत थकले. नावं लक्षात राहीनात, कोण कुणाच्या बाजूचं ते उमगेना, आणि एका मृत्यूच्या प्रसंगात सगळी पात्रं कोसळून पडलेली असताना मी प्रकरण संपायला किती पानं उरलीत ते बघत होते. दोन वर्षांनी तीच मालिका पहिल्या खंडापासून वाचत गेले. त्या प्रसंगापाशी पोचले आणि पुस्तक उपडं ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. मजकूर तोच, प्रतसुद्धा तीच.

मालिकेतल्या कादंबरीबद्दल एक आक्षेप कायम ऐकू येतो. तिला धड आरंभ नाही, धड शेवट नाही, मग तिला पुरी कलाकृती कसं म्हणायचं? वाचकांचा जीव मात्र कितीदा अशाच एखाद्या मधल्या खंडात अडकलेला असतो. वाचताना मेंदूत काय घडतं याबद्दल गेल्या पन्नासेक वर्षांत जे कळलंय ते पाहिलं, तर मला वाचकांचंच बरोबर वाटतं.

सुरुवात एका साध्या प्रयोगापासून करू. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली काही लोकांना एक उतारा ऐकवला. वस्तूंचे आधी गट करायचे, एका वेळी फार घ्यायच्या नाहीत, चूक महागात पडू शकते, झालं की पुन्हा गट करून जागच्या जागी ठेवायचं, अशा धर्तीची वाक्यं. एकही शब्द अवघड नाही, तरी ऐकणाऱ्याला काही म्हणजे काही बोध होत नव्हता. विषय होता कपडे धुणं. ज्यांना हे आधी सांगितलं त्यांना उताऱ्यातल्या १८ मुद्द्यांपैकी सरासरी सहाच्या आसपास मुद्दे आठवले. ज्यांना सांगितलंच नाही त्यांना तीनच्या आसपास. आणि ज्यांना उतारा ऐकून झाल्यावर विषय सांगितला, त्यांनाही जेमतेम तितकेच! हा तिसरा गट मला फार महत्त्वाचा वाटतो. अर्थ लावायचा सांगाडा आधी डोक्यात असावा लागतो. मागाहून मिळाला तर वाहून गेलेलं पाणी परत येत नाही.

मालिकेचे पहिले खंड हा सांगाडा उभा करतात. समजा, पहिल्या खंडात आपण वाचलं की किल्ल्यातला म्हातारा पहारेकरी रोज संध्याकाळी स्वतःच्या हातांनी घंटा वाजवतो, आणि तो जिवंत असेतो हे काम दुसरं कुणी करायचं नाही असा तिथला नेम आहे. दुसऱ्या, तिसऱ्या खंडात ती घंटा अधूनमधून कानावर पडत राहते, कुणी तिच्यावर वेळ मोजतं, कुणी वैतागतं. मग चौथ्या खंडात एक वाक्य येतं, ‘त्या संध्याकाळी घंटा वाजली नाही.’ नव्या वाचकाला ही हवापाण्याची माहिती वाटेल. जुन्या वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. लेखकाला एका विशेषणाचीही गरज पडत नाही. शोकाचं सगळं सामान वाचकाने तीन खंड स्वतःच वाहून आणलेलं असतं.

हे वजन मेंदूत मोजताही येतं. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांना एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. ‘त्याने गरम पावावर मोजे पसरले’ अशा तऱ्हेचं वाक्य आलं, की तो विसंगत शब्द दिसल्यापासून साधारण ४०० मिलिसेकंदांनी विद्युत संकेतात ऋण दिशेने एक ठळक लाट उठे. तिला एन-४०० म्हणतात. शब्द संदर्भात सहज बसला तर लाट लहान, खटकला तर मोठी.

मग जादूच्या गोष्टीत काय होत असेल? तिथे तर पानोपानी अशक्य गोष्टी घडतात. मांटे न्यूलांट आणि योस फान बर्कुम या डच संशोधकांनी २००६ मध्ये याचं सुंदर उत्तर शोधलं. त्यांच्या एका गोष्टीत एक शेंगदाणा आहे, तो नाचतो, गातो, नुकत्याच भेटलेल्या मुलीबद्दल बोलतो. अशा गोष्टीत शेवटी ‘शेंगदाणा प्रेमात पडला होता’ हे वाक्य मेंदूला सोपं गेलं आणि ‘शेंगदाणा खारवलेला होता’ हे खटकलं. खऱ्या जगातलं सत्य तिथे परकं ठरलं. दुसऱ्या एका गोष्टीत निर्जीव वस्तू माणसासारखी वागत होती. तिचा पहिला उल्लेख आला तेव्हा लाट मोठी होती, पण गोष्ट पुढे सरकली तसा तो खटका मावळून गेला. म्हणजे मेंदूला नव्या जगाचे नियम पत्करायला फार वेळ लागत नाही. काही वाक्यं पुरतात. मग हजार-दीड हजार पानं त्या जगात काढलेल्या वाचकाचं काय होत असेल?

याचंही उत्तर आहे, आणि ते त्याच मार्टा कुटास यांच्याकडून आलं, पहिल्या प्रयोगानंतर जवळजवळ चार दशकांनी. मेलिसा ट्रॉयर यांच्याबरोबर त्यांनी हॅरी पॉटरच्या जगातल्या घटनांवर वाक्यं रचली. प्रत्येक वाचकाला त्या जगाची किती माहिती आहे हे प्रश्नांतून तपासलं आणि मेंदूतले संकेत नोंदवले. ज्यांचं ज्ञान अधिक, त्यांच्यात त्या जगाशी जुळणारा शब्द येताच एन-४०० लाट अधिक खाली बसत होती. सर्वसामान्य विषयांवरच्या वाक्यांत मात्र या जाणकारीने फरक पडत नव्हता. म्हणजे आधीच्या खंडांमधून साठलेलं ज्ञान कपाटात बंद पडून राहत नाही. शब्द डोळ्यांसमोर आल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ते कामाला लागतं. चौथा खंड ‘भराभर वाचला गेला’ असं आपण म्हणतो, त्यामागे हे असावं असं मला वाटतं.

एवढं सगळं अंगवळणी पडलं तर कंटाळा यायला हवा. तो येत नाही. बर्लिनमधल्या चुन-टिंग सू, आर्थर जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मेंदूच्या कुठल्या भागात हालचाल होते ते दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात लोकांना हॅरी पॉटरमधलेच छोटे उतारे वाचायला दिले. काहींत जादू घडत होती, काहींत नव्हती. जादूच्या उताऱ्यांच्या वेळी डाव्या अमिग्डलामध्ये हालचाल जास्त दिसली. अमिग्डला हा मेंदूचा बदामाएवढा भाग. भीतीशी त्याचं नाव जोडलेलं असतं, पण एकूणच जे लक्षवेधी, भावनेला हात घालणारं असेल ते तो टिपतो. वाचकांनीही त्या उताऱ्यांना अधिक आश्चर्यकारक आणि अधिक आनंददायी ठरवलं. तेव्हा जादू समजायला सोपी होते, पण तिची चमक जात नाही. घरच्या अंगणात रोज दिसणारं इंद्रधनुष्य म्हणा ना.

म्हणूनच मधल्या खंडात लेखकाने नियम मोडला की वाचक इतका दुखावतो. तीन खंड सांगितलं की मेलेला माणूस परतत नाही, आणि चौथ्यात आजवर कुणी न उच्चारलेल्या मंत्राने कुणी उठून बसलं, तर ते आश्चर्य आपल्याला नको असतं. तिथे आपण रचलेला सांगाडाच कुणीतरी लाथाडलेला असतो. हाच प्रसंग त्याच जगाच्या जुन्या, विसरलेल्या एखाद्या नियमातून घडवला, तर तेच वाचक आनंदाने वेडे होतात आणि मागचे खंड काढून ‘अरे, हे तर तिथेच लिहिलं होतं’ म्हणत बसतात. अशा जागा शोधत मी स्वतः रात्री जागवल्या आहेत.

खंड संपताना कथा अर्धवट राहते, त्याची हुरहूर वेगळीच. ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं की अर्धवट सोडलेली कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. नंतरच्या प्रयोगांत हे दर वेळी दिसलं नाही. पण त्यांच्याच सहकारी मारिया ओव्सियांकिना यांनी दाखवलेली गोष्ट जास्त टिकली. कुणी सांगितलेलं नसताना, बक्षीस नसतानाही माणूस तोडलेलं काम संधी मिळताच पुन्हा हातात घेतो. पुढच्या खंडाची वाट पाहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

पण वाट पाहण्यात वर्षं गेली की सांगाड्याची पडझड होते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या पुस्तकात एक प्रसिद्ध प्रयोग नोंदवला आहे. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने, कधी बऱ्याच दिवसांनी, आठवून लिहायला सांगितली. लांब अरुंद कनूच्या साध्या होड्या झाल्या, आणि कितीतरी जणांच्या आठवणीतून भुतंच गळाली. परक्या जगातलं जे अद्भुत होतं ते आधी गेलं, ओळखीचं तेवढं उरलं. आपल्याही बाबतीत हेच होतं. दोन खंडांमध्ये चार वर्षांचं अंतर पडलं की पात्रांचे स्वभाव आठवतात, भांडणं आठवतात, पण त्या जगाचे बारीक, विचित्र नियम पुसट होतात. मग नवा खंड हातात येतो आणि ‘घंटा वाजली नाही’ हे वाक्य आपण न थबकता ओलांडून जातो.

त्यामुळे मी आता नवा खंड आला की तो आठवडाभर तसाच ठेवते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. गेल्या खेपेला, ज्या पहारेकऱ्यासारख्या एका दुय्यम पात्राला मी सज्जन म्हणून लक्षात ठेवलं होतं, त्याने पहिल्याच खंडात धडधडीत खोटं बोललेलं सापडलं.