विसंपीडन नियोजन (खोल तांत्रिक बुडीचे)

खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना पाणबुड्याच्या शरीरात नायट्रोजन, हेलियम यांसारखा निष्क्रिय वायू मुरतो. वर येताना त्याचे बुडबुडे न होता तो फुप्फुसांवाटे निचरून जावा, यासाठी बुडीपूर्वीच थांबे, वायुमिश्रणे आणि वेळ यांची जी आखणी करतात, ती म्हणजे विसंपीडन नियोजन. पाणबुड्यांच्या बोलण्यात हाच ‘डेको प्लॅन’. हौशी बुडी 40 मी. खोलीच्या आत आणि कधीही थेट पृष्ठभागावर येता येईल इतक्या वेळातच संपवतात. तांत्रिक बुडीत ही मुभा नसते. डोक्यावर मोकळे पाणी असले, तरी थांब्यांचे ऋण फेडल्याशिवाय वर येता येत नाही.

दाब उतरल्यावर शरीरात बुडबुडा होतो, हे रॉबर्ट बॉईल यांनी 1670 साली निर्वात पात्रातल्या सापाच्या डोळ्यात पाहिले होते. तो बुडबुडा नायट्रोजनचा असतो, हे पॉल बेअर यांनी 1878 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. मधल्या काळात पुलांच्या पायांसाठी दाबाच्या हवेत राबणारे मजूर बुडबुड्यांमुळे होणाऱ्या या विकाराने लुळे पडले, काही दगावले. ‘बेंड्स’ हे नाव त्यांच्या वाकून चालण्यावरून पडले असावे.

आखणीला गणिताचा पाया मिळाला तो 1908 मध्ये. जॉन स्कॉट हॉल्डेन, बॉयकॉट आणि डॅमन्ट यांनी शेळ्यांवरील प्रयोगांतून असे सुचविले, की शरीर म्हणजे वेगवेगळ्या गतीने भरणाऱ्या कप्प्यांचा समूह समजावा. त्यांचे अर्धकाल (कप्पा निम्मा भरायला लागणारा वेळ) त्यांनी 5, 10, 20, 40 व 75 मिनिटे धरले, आणि दाब निम्मा होईपर्यंत वर येणे निर्धोक मानले. लेनर्ड हिल यांचा आग्रह मात्र एकसारख्या संथ चढाईचा होता. पुढील वापरात टप्प्याटप्प्याची पद्धतच टिकली. रॉबर्ट वर्कमन यांनी 1965 मध्ये अमेरिकी नौदलासाठी प्रत्येक कप्प्याची खोलीगणिक बदलणारी सहनमर्यादा (‘एम-मूल्य’) काढली. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमन यांनी त्याच वाटेने 16 कप्प्यांचे प्रारूप रचले. आजच्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरांत तेच असते.

उदाहरणार्थ, 60 मी. वर 25 मिनिटे राहिल्यास 5 मिनिटांच्या अर्धकालाचा कप्पा नायट्रोजनने सुमारे 97 टक्के भरतो, 635 मिनिटांचा मात्र 3 टक्केही भरत नाही. चढाईत आधी जलद कप्पे मर्यादेला भिडतात, मग संथ. त्यामुळे दर 3 मी. वरचे थांबे उथळात येतील तसे लांबत जातात. एरिक बेकर यांचे ‘ग्रेडियंट फॅक्टर’ ही मर्यादा किती टक्के वापरायची ते ठरवतात. 30/70 मधला पहिला आकडा पहिल्या थांब्याची खोली ठरवतो, दुसरा पृष्ठभागावर येतानाची सवलत.

पहिला थांबा किती खोल असावा, हा या विषयातला सर्वांत गाजलेला वाद. खोल थांब्यांचे श्रेय बहुधा हवाईचे मत्स्यशास्त्रज्ञ रिचर्ड पाइल यांना दिले जाते. पकडलेल्या माशांच्या वाताशयातली हवा सुईने काढण्यासाठी ते वाटेत खोलवर थांबत, आणि अशा दिवशी थकवा कमी जाणवतो असे त्यांच्या ध्यानात आले. पण हे श्रेय एकट्यांचे नव्हे. टोरेस सामुद्रधुनीतील मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्या अनुभवसिद्ध रीतीवरून ल मेस्युरिए आणि ब्रायन हिल्स यांनी 1965 मध्येच खोल थांब्यांच्या बाजूने मांडणी केली होती. डेव्हिड यूंट यांच्या जिलेटिनवरील प्रयोगांतून निघालेल्या ‘व्हीपीएम’ या बुडबुड्यांच्या प्रारूपानेही तोच निष्कर्ष दिला. 1990 नंतरच्या दशकभरात खोल थांबा जवळजवळ नियम होऊन बसला.

त्याला धक्का बसला तो अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक केंद्राने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीने. 52 मी. वर 30 मिनिटे हवेवर बुडी, आणि दोन्ही वेळापत्रकांत थांब्यांची एकूण वेळ सारखीच 174 मिनिटे. पहिला थांबा 12 मी. वर असलेल्या 192 बुड्यांत 3 जणांना विकार झाला, तर 21 मी. वर असलेल्या 198 बुड्यांत 11 जणांना. चाचणीतले प्रारूप व्हीपीएम नव्हते आणि थांब्यांवरही श्वासाला हवाच होती, हे आक्षेप खरे आहेत. तरीही खोल थांब्यावर संथ कप्पे भरतच राहतात, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे वाटते. अनेक अनुभवी पाणबुडे आता ग्रेडियंट फॅक्टरचा पहिला आकडा 50 च्या आसपास ठेवतात, म्हणजे पहिला थांबा उथळ येतो.

आखणीची दुसरी बाजू वायूंची. ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणाच्या एकूण दाबातला त्याचा वाटा) तळाशी 1.4 बार, थांब्यांवर 1.6 बार यापुढे जाऊ देत नाहीत. म्हणून 60 मी. साठी 18 टक्के ऑक्सिजन आणि 45 टक्के हेलियमचे ट्रायमिक्स (उरलेला नायट्रोजन), 21 मी. वर 50 टक्के ऑक्सिजनचे नायट्रॉक्स (नायट्रोजन-ऑक्सिजन मिश्रण), 6 मी. वर शुद्ध ऑक्सिजन असा क्रम रूढ आहे. हेलियममुळे गुंगी टळते आणि दाट वायू ओढण्याचे कष्ट वाचतात. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्यास 60 मी. वर 140 लिटर लागतात, म्हणजे 25 मिनिटांना 3,500. बारा लिटरच्या जोड सिलिंडरांत 200 बारला 4,800 लिटर मावतात, पण तिसरा हिस्सा राखून ठेवला तर हाताशी 3,200 उरतात. बुडीच तोकडी करावी लागते. ऑक्सिजनचा सिलिंडर हरवला तर काय, याचे वेगळे वेळापत्रक लिहून सोबत नेतात. ते न लिहिता उतरणे हा जिवाशी खेळ आहे.

तारकर्ली, मालवण येथील हौशी बुड्या उथळ असल्याने त्यांना असे थांबे लागत नाहीत. सुमारे 75 मी. पाण्यातील मुंबई हाय तेलक्षेत्रात संपृक्त बुडीची पद्धत वापरतात. तीत शरीर वायूने एकदा पूर्ण भरले, की तळाशी कितीही दिवस राहिले तरी विसंपीडनाचा काळ वाढत नाही.