युरेल आणि इंटररेल: कोणाला कोणता पास, आणि घरच्या देशाची मेख

युरोपात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मुलांच्या घरी मार्च-एप्रिलमध्ये एकच बेत शिजत असतो. आईबाबा उन्हाळ्यात येणार, मग सगळ्यांनी मिळून ट्रेननं तीन-चार देश बघायचे. विमानापेक्षा ट्रेन बरी, गाडी थेट गावाच्या मध्यावर सोडते, बॅगांचं वजन कोणी करत नाही, असं सगळं ठरतं आणि रेल्वेचा पास (म्हणजे ठरावीक दिवस हव्या त्या गाडीनं फिरायचा हक्क) शोधायला बसलं की दोन नावं समोर येतात: युरेल आणि इंटररेल. देश तेच, दिवसांचे पर्याय तेच, दरही तेच. मग ‘सगळ्यांना एकच घेऊन टाकू’ असं म्हणून तिघांचे पास एकाच ठिकाणाहून घेतले जातात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो, की एकदा नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

दोन्ही पास हॉलंडमधल्या उट्रेख्ट शहरातली एकच कंपनी विकते. दोन्हींचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो आणि फोनवरचं ॲपही एकच आहे. फरक आहे तो कोणाला कुठला पास घेता येतो याचा. तुमचं राहतं घर युरोपात असेल तर इंटररेल, युरोपाबाहेर असेल तर युरेल. पासपोर्ट भारतीय आहे की जर्मन, हा प्रश्न इथे गौण आहे. पुण्याहून पर्यटक व्हिसावर आलेले आईबाबा युरेल घेतात. आखेनला एम.एस. करणारा त्यांचा मुलगा रेसिडेन्स परमिट असल्यामुळे इंटररेल घेतो, पासपोर्ट भारतीय असला तरी. लंडनला शिकणारी मुलगीही इंटररेलच घेते, कारण ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं असलं तरी इंटररेलमध्ये आहेच. उलट, पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला पण म्हापशात राहणारा गोंयकार युरेलवर फिरू शकतो. त्यानं फक्त भारतातल्या पत्त्याचा पुरावा जवळ बाळगावा, कारण गाडीत टीसी विचारू शकतो. तसाच युरोपात राहणाऱ्या विद्यार्थ्यानं परमिटचं कार्ड हॉस्टेलवर न ठेवता खिशात ठेवावं.

हे दोन पास वेगळे का, याचं उत्तर त्यांच्या जन्मात आहे. युरेल १९५९ मध्ये सुरू झाला, तो समुद्रापलीकडून येणाऱ्या, मुख्यतः अमेरिकन प्रवाशांसाठी. तेव्हा त्यात १३ देश होते. इंटररेल आला १९७२ मध्ये, युरोपातल्याच २१ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, २१ देशांत. त्या वेळीही स्वतःच्या देशात तिकीट फुकट नव्हतं, अर्ध्या दराचं होतं. हे समजण्यासारखं आहे. आपल्याच देशात राहणाऱ्या, रोज तिकीट काढणाऱ्या माणसाला महिनाभर मोकळं रान कोणती रेल्वे देईल? पाहुण्याला दिलं तर धंदा वाढतो, घरच्याला दिलं तर बुडतो.

तीच मेख आजही आहे, आणि दोन पासांतला खरा फरक तोच. युरेलला ‘घरचा देश’ नसतो. ३३ पैकी कुठेही, कितीही वेळा फिरा. इंटररेलवर मात्र ज्या देशात तुम्ही राहता तिथे जाताना एक प्रवास आणि येताना एक प्रवास, एवढंच चालतं. तो प्रवास देशातल्या कुठल्याही गावापासून सीमेपर्यंत किंवा विमानतळापर्यंत असू शकतो, वाटेत गाड्याही बदलता येतात, पण पासाचा एक दिवस खर्ची पडतो. उरलेले दिवस परदेशात वापरायचे.

आता हे एका प्रवासावर बसवून पाहू. मुलगी म्युनिकला राहते, आईबाबा नाशिकहून येतात. बेत असा: म्युनिकहून साल्झबुर्गला उतरून, हिंडून, संध्याकाळी व्हिएन्ना. तिथून व्हेनिस. व्हेनिसहून मिलानमार्गे लुत्सर्न. लुत्सर्नहून एक दिवस इंटरलाकेन करून परत. मग झुरिकमार्गे म्युनिक. दोन दिवस घरी आराम, मग म्युनिकहून बर्लिन आणि परत. प्रवासाचे दिवस झाले सात.

आईबाबांना एका महिन्यात ७ दिवसांचा, म्हणजे महिन्याभरातल्या कोणत्याही सात दिवशी चालणारा, युरेल अगदी मापात बसतो. मुलीनंही सातचाच इंटररेल घेतला तर शेवटचे दोन दिवस तिच्या काही कामाचे नाहीत. म्युनिकमधून बाहेर पडणं आणि म्युनिकला परत येणं यातच तिचे जर्मनीतले दोन प्रवास संपले. बर्लिनच्या गाडीत आईबाबांचा पास चालेल, तिचा नाही. म्हणून तिनं ५ दिवसांचा इंटररेल घ्यावा आणि म्युनिक-बर्लिनचं तिकीट जर्मन रेल्वेकडून सवलतीच्या दरात, जमेल तितकं लवकर काढावं. एकाच कुटुंबात, एकाच डब्यात शेजारी बसलेल्या तिघांकडे वेगळ्या नावाचे आणि वेगळ्या दिवसांचे पास असणं यात काही चूक नाही. उलट तसंच असायला हवं.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. बहुतेक विद्यार्थ्यांकडे डॉइचलांडतिकिट असतंच. मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना सुरू झालेलं हे तिकीट पुढे महागलं, तरी देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम, मेट्रो सगळं त्यात येतं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. पण सीमेपलीकडची काही स्टेशनं त्यात आहेत आणि साल्झबुर्ग त्यातलंच एक. म्हणजे वरच्या मुलीनं साल्झबुर्गपर्यंत प्रादेशिक गाडीनं जायचं ठरवलं तर तिचा ‘जाताना’चा प्रवास शिल्लक राहतो, आणि मुक्काम साल्झबुर्गलाच असेल तर पासाचा एक दिवसही वाचतो. आईबाबांना त्या गाडीसाठी बायर्न-तिकिट काढता येतं. ते बव्हेरियापुरतं दिवसाचं तिकीट आहे, एकत्र फिरणाऱ्या पाचजणांपर्यंत चालतं आणि साल्झबुर्गपर्यंत नेतं. सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी नऊनंतरच लागू होतं.

एका देशाच्या पासातही हाच न्याय आहे. जर्मनीत राहणाऱ्याला जर्मनीचा इंटररेल मिळत नाही. युरोपाबाहेरून येणाऱ्याला फक्त जर्मनीच बघायची असेल तर त्याच्यासाठी जर्मन रेल पास निराळा आहे. स्वित्झर्लंडचा स्विस ट्रॅव्हल पास हा तर या दोन्हींपेक्षा वेगळा प्राणी. त्यात बस, बोटी, शहरातल्या ट्राम आणि शेकडो संग्रहालयं येतात, आणि तो स्वित्झर्लंड आणि लिख्टेनस्टाइनबाहेर राहणाऱ्या कोणालाही घेता येतो. आईबाबांना फक्त स्वित्झर्लंड बघायचं असेल तर युरेलच्या वाटेला जाऊच नका, असं मी सांगेन.

आता रिझर्व्हेशन. ‘आमचा पास त्या गाडीत चालला नाही, इंटररेल घ्यायला हवा होता’ असं म्हणणारे भेटतात. पास बदलून काही फरक पडला नसता. आपल्याकडे तिकीट काढलं की त्यावर डबा आणि बर्थ छापून येतो, त्यामुळे प्रवासाचा हक्क आणि बसायची जागा या दोन गोष्टी आपल्या मनात एकच असतात. युरोपात त्या वेगळ्या आहेत. पास हा प्रवासाचा हक्क आहे. जागेचे पैसे काही गाड्यांत निराळे भरावेच लागतात, मग पास युरेल असो की इंटररेल.

हा खर्च देशागणिक फार बदलतो, आणि स्वस्तात फिरायचं असेल तर नकाशा त्यावरूनच आखावा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्क इथल्या देशांतर्गत गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी रिझर्व्हेशन सक्तीचं नाही. प्लॅटफॉर्मवर आलेली गाडी पकडा आणि बसा. फ्रान्समधल्या टीजीव्ही, स्पेनमधल्या आवे, इटलीतल्या फ्रेच्यारोसा या वेगवान गाड्यांत ते सक्तीचं, दर माणशी साधारण १० युरो किंवा त्याहून जास्त. लंडनला पॅरिसशी जोडणाऱ्या युरोस्टारमध्ये त्याहून बरंच महाग. शिवाय टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी ठरावीकच जागा असतात. गाडीत तिकिटं शिल्लक असतात, पण पासवाल्यांचा कोटा संपलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पॅरिसला जायचं असेल तर आधी जागा मिळते का ते बघा आणि मगच पासाचे पैसे भरा.

काही गाड्यांत तर पास मुळीच चालत नाही. इटलीतली खाजगी इतालो आणि फ्रान्सच्या सरकारी रेल्वेचीच स्वस्त उईगो, या दोन्ही त्यातल्याच. पॅरिसची किंवा लंडनची मेट्रोही पासात नाही. आणि मराठी मंडळींच्या यादीत हमखास असलेलं आल्प्समधलं युंगफ्राउयोख! इंटरलाकेनपर्यंत पास नेतो, तिथून वर फक्त सवलत मिळते. तिकीट काढावंच लागतं आणि सवलतीनंतरही ते महागच आहे. त्याची तरतूद पासाच्या हिशोबात धरू नका, वेगळी ठेवा.

वाटेत थोडी खटपट केली तर रिझर्व्हेशन टाळताही येतं. व्हेनिस ते मिलान फ्रेच्यारोसानं जायचं तर जागेचे पैसे पडतात. वेरोनामार्गे जाणाऱ्या रेजोनाले वेलोचे या प्रादेशिक गाड्यांत काहीच पडत नाही, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच. मिलानहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या युरोसिटी या आंतरराष्ट्रीय गाडीला रिझर्व्हेशन सक्तीचं आहे, पण मिलानहून लुगानोपर्यंत साधी प्रादेशिक गाडी जाते, आणि लुगानोला स्विस गाडी पकडली की पुढे पास पुरतो. घाई नसेल तर ही वाट मला जास्त आवडते. लुगानोचं तळं खिडकीतून निवांत दिसतं, आणि पुढे ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा लागतो. २०१६ मध्ये तो उघडला तेव्हा जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा ठरला.

रात्रीच्या गाड्यांबद्दल एवढंच: गाडी ज्या दिवशी सुटते तोच दिवस पासावर मोजला जातो, मध्यरात्रीनंतर गाडी बदलली तर मात्र दुसराही. बर्थचे पैसे वेगळे, आणि दोघातिघांचे मिळून ते बरेच होतात.

मग पास परवडतो का? २०२४-२५ च्या सुमारास सेकंड क्लासचा ४ दिवसांचा ग्लोबल पास मोठ्या माणसाला २८० युरोंच्या आसपास होता आणि ७ दिवसांचा ३८० च्या आसपास. म्हणजे एक दिवस चारच्या पासात ७० युरोंना पडतो, सातच्या पासात ५५ च्या आत. दोन्ही पासांत २७ वर्षांपर्यंत पाव हिश्श्यापर्यंत सूट आहे, साठीपुढच्यांना १० टक्के. ४ ते ११ वर्षांची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर विनामूल्य, पण त्यांचाही पास काढावा लागतो. आता प्रत्येक दिवसाचं साधं तिकीट किती पडेल ते संबंधित रेल्वेच्या साइटवर बघा आणि शेजारी लिहा. दोन महिने आधी काढलेलं प्राग-व्हिएन्नासारखं तिकीट पासाच्या एका दिवसाहून खूपच स्वस्त असतं. तारखा पक्क्या आहेत आणि मोठे प्रवास तीनच आहेत, तर पास घेऊ नका. स्वित्झर्लंडमध्ये दोन-तीन दिवस भरपूर फिरायचं आहे, पावसाचा अंदाज बघून सकाळी बेत बदलायचा आहे, आईला बरं वाटत नसेल तर दुपारच्या गाडीनं निघायचं आहे, तर पास घ्या. स्वस्तातलं तिकीट त्या एका गाडीला बांधलेलं असतं, गाडी बदलली की पैसे गेले. वयस्कर माणसांना घेऊन फिरताना ही मोकळीक फार मोलाची असते.

व्हिसाचा विषय भारतीय पासपोर्टवाल्यांनी वेगळा तपासायला हवा. पासाच्या नकाशात ब्रिटन, सर्बिया, बोस्निया, तुर्कस्तान हे देशही आहेत, पण ते शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत; तिथल्या प्रवेशाचे नियम ज्याचे त्याचे. पास आहे म्हणून सीमा उघडत नाही. शिवाय अशा देशात शिरून परत शेंगेनमध्ये यायचं तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा लागतो. लंडनच्या विद्यार्थ्याला उलट बाजूनं तेच: ब्रिटनचा व्हिसा खिशात असला तरी पॅरिसला उतरण्यासाठी शेंगेन व्हिसा काढावाच लागतो.

शेवटी पास प्रत्यक्ष वापरायचा कसा ते सांगतो, कारण आईबाबांची तारांबळ इथेच उडते. ॲपमध्ये आडनाव आणि पासाचा क्रमांक टाकला की पास फोनवर येतो. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच हवं. आपल्याकडे मधलं नाव कधी नावाच्या रकान्यात असतं, कधी नसतं, म्हणून खरेदी करतानाच पासपोर्ट उघडा ठेवा. विकत घेतल्यापासून ११ महिन्यांत पास कधीही सुरू करता येतो, तेव्हा तो नाशिकहून निघण्याआधी सुरू करायची घाई नको. प्रवासाच्या दिवशी गाडीत चढण्यापूर्वी ॲपमध्ये ती गाडी शोधायची, आपल्या प्रवासात घालायची आणि तिच्यापुढचं बटण चालू करायचं. मग तयार होतो तो क्यूआर कोड. टीसी आला की तोच दाखवायचा. उद्याचा दिवस आज रात्री लावून ठेवला असेल तर तो सुरू होण्याआधी काढूनही टाकता येतो, एकदा दिवस सुरू झाला की तो गेला. ॲपला दर तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागतं. आईबाबांचे दोन्ही पास एका फोनवर ठेवता येतात, पण ते वेगळे फिरणार असतील तर प्रत्येकाच्या फोनवर त्याचा त्याचा पास ठेवा, आणि मोबाइलची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल एवढी पॉवर बँक बॅगेत असू द्या.