१२ मिलिमीटरचा रूळ, दोन प्रमाणं: ब्रिटिश टीटीची पार्श्वभूमी

ब्रिटिश मॉडेल रेल्वेत टीटी, म्हणजे ‘टेबल टॉप’ हा छोट्या रेल्वेचा प्रकार, म्हटलं की आज आधी विचारावं लागतं, कुठलं टीटी? रुळांतलं अंतर दोन्हीकडे १२ मिलिमीटरच. पण १९५७ साली आलेल्या टीटीचं प्रमाण १:१०१.६, म्हणजे खऱ्या एका फुटाला ३ मिलिमीटर, तर २०२२ साली आलेल्या टीटीचं १:१२०. इंजिन कोणतंही घ्या, १२ मिलिमीटरच्या रुळावर उभं राहील. पण दोन्ही प्रमाणांचे डबे एकाच गाडीला जोडले की विसंगती लगेच डोळ्यांत भरते.

या प्रकाराची सुरुवात ब्रिटनमध्ये झालीच नाही. हॅल जॉइस यांच्या एच. पी. प्रॉडक्ट्स या अमेरिकेतल्या इंडियानामधल्या कंपनीने १९४५ साली ‘टेबल टॉप’ या नावाने तो आणला. जेवणाच्या टेबलावर मावेल अशी रेल्वे, हा त्यामागचा विचार. फुटाला एक दशांश इंच, म्हणजे १:१२०. या प्रमाणात १२ मिलिमीटरचे खऱ्या जगात १,४४० मिलिमीटर होतात. खरा स्टँडर्ड गेज, म्हणजे जगात रूढ असलेलं रुळांतलं अंतर, १,४३५ मिलिमीटरचा, तेव्हा हिशोब जवळजवळ चोख आहे. पूर्व बर्लिनच्या त्सॉइकं कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस हेच प्रमाण उचललं. पूर्व युरोपातल्या लहान घरांत ते असं रुजलं की आज जर्मनीतली टिलिग कंपनी तीच परंपरा चालवते.

ब्रिटनमध्ये मात्र गाडी इथेच अडली. ब्रिटिश पूल आणि बोगदे जुने नि अरुंद, त्यामुळे तिथली इंजिनं युरोपियन किंवा अमेरिकन इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. १:१२० मध्ये ब्रिटिश टँक इंजिन (पाणी स्वतःच्या अंगावरच वाहून नेणारं इंजिन) केलं, तर त्या काळची विजेची मोटर त्याच्या पोटात मावणं कठीण. शिवाय खेळण्याची चाकं जाड, त्यांच्या बाहेर सिलिंडर आणि दांडे बसवायचे, तर तिथेही जागा हवी. उपाय ओओ या ब्रिटनमधल्या जास्त रूढ प्रकाराच्या वेळी सापडलेलाच होता: रूळ तोच ठेवायचा आणि वरचा सांगाडा फुगवायचा. ओओमध्ये १६.५ मिलिमीटरच्या रुळावर फुटाला ४ मिलिमीटरची गाडी उभी राहिली. खेळणी बनवणाऱ्या लाइन्स ब्रदर्सच्या मार्गेटमधल्या रोव्हेक्स कारखान्याने ट्राय-अँग या नावाने विकल्या जाणाऱ्या टीटीसाठी १२ मिलिमीटरवर ३ मिलिमीटरची गाडी उभी केली.

या तडजोडीची किंमत साध्या भागाकाराने कळते. १२ भागिले ३, म्हणजे रूळ बरोबर ४ फुटांचा झाला. खरा ४ फूट साडेआठ इंचांचा. गाडी बाजूने बघितली तर फरक जाणवत नाही. समोरून बघितली की चाकं बफरांच्या (टोकाला धक्का झेलणाऱ्या तबकड्यांच्या) मानाने आत ओढल्यासारखी दिसतात. म्हणून बारकाईने काम करणाऱ्यांनी पुढे १४.२ मिलिमीटरचा गेज घेतला. त्या दोघांच्या मधला १३.५ मिलिमीटरचा गेजही काहींनी धरला.

आपल्याकडच्या मॉडेलकारांनी लक्षात ठेवावा असा एक मेळ या ३ मिलिमीटरच्या प्रमाणात आहे. भारतीय ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. साडेपाच गुणिले तीन, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर! जगात सगळ्यात सहज मिळणारा ओओचा आणि एचओ (१:८७) या प्रमाणाचा १६.५ मिलिमीटरचा रूळ या प्रमाणात भारतीय ब्रॉडगेजला तंतोतंत बसतो. गाडीचा सांगाडा स्वतः बांधावा लागेल हे खरं, पण चाकं आणि रूळ तयार मिळतात, आणि गेजमध्ये काडीची तडजोड करावी लागत नाही.

१९५७ साली पहिल्या संचात जिंटी हे सहा चाकांचं टँक इंजिन आलं. नंतर ‘विंडसर कॅसल’, ‘क्लॅन लाइन’ अशी मोठी इंजिनंही आली. किटमास्टरने प्लास्टिकच्या जुळणीसंचात ब्रिटिश रेल्वेचे मार्क १ प्रवासी डबे दिले, बेक आणि जेम या कंपन्यांनी व्हाइटमेटलचे (कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचे) संच काढले. तरीही जम बसला नाही. पूर्ण मालिका घेऊन दुसरा मोठा उत्पादक उतरला नाही, आणि ट्राय-अँगचं स्वतःचं ओओ त्याच दुकानात शेजारच्या फळीवर होतं. त्यात १९६० च्या दशकात ९ मिलिमीटरचं एन गेज आलं. जागा वाचवायची असेल तर त्यात आणखी वाचत होती. दशकाच्या मध्याला ट्राय-अँगने टीटीचं उत्पादन थांबवलं.

एरवी हे प्रमाण इथेच संपलं असतं. ते टिकलं, कारण १९६५ साली थ्री एमएम सोसायटी उभी राहिली. तिने चाकं, अॅक्सल, रूळ, संच असं बाजारात न मिळणारं सामान सभासदांसाठी उपलब्ध केलं आणि ‘मिक्स्ड ट्रॅफिक’ हे नियतकालिक चालवलं. आमच्या मते ब्रिटिश टीटीच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. इंजिनाचा सांगाडा घरी बनवता येतो; योग्य मापाची, गोल फिरणारी चाकं घरी बनवणं फार थोड्यांना जमतं.

कामाची पद्धतही या टंचाईतूनच घडली. १२ मिलिमीटरचा तयार लवचिक रूळ म्हणून बरीच वर्षं पेको या रूळ बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा एचओएम वापरला जाई, आणि तो मीटरगेजसाठी बनवलेला. त्यावर ब्रिटिश गाडी उभी केली की स्लीपर आखूड दिसतात. म्हणून अनेकांनी रूळ हाताने घातला. तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापायच्या: साडेआठ फुटी स्लीपरसाठी लांबी २५.५ मिलिमीटर, दहा इंची रुंदीसाठी २.५ मिलिमीटर. साठ फुटी रुळाची लांबी १८० मिलिमीटर होते. त्यात २४ स्लीपर धरले तर दोहोंच्या मध्यांतलं अंतर ७.५ मिलिमीटर. प्रत्येक पट्टीवरचं तांबं मधोमध कानशीने तोडायचं आणि मगच रूळ सोल्डर करायचा. एका पट्टीवर जरी तांब्याचा केसाएवढा दुवा राहिला, तरी अख्खी मांडणी शॉर्ट होते. म्हणून चार-पाच स्लीपर झाले की मल्टिमीटर लावून बघावं. सगळं झाल्यावर दोष शोधणं जिवावर येतं.

व्हाइटमेटलच्या संचाला ७० अंशांना वितळणारं सोल्डर आणि तापमान कमी करता येणारं सोल्डरिंग आयर्न लागतं. नेहमीचं गरम आयर्न टेकलं की भागच वितळून जातो. व्हाइटमेटल पितळेला जोडायचं असेल, तर पितळेवर आधी नेहमीच्या सोल्डरचा पातळ थर द्यावा लागतो. ७० अंशांचं सोल्डर नुसत्या पितळेला नीट धरत नाही.

जुनं ट्राय-अँग इंजिन हाती आलं, तर मोटर पूर्ण खोलण्याचा मोह टाळावा. चुंबक लोखंडी चौकटीतून मोकळा काढला की त्याची ताकद उतरते. मग इंजिन रिकामं सुसाट पळतं, डबे जोडले की थकतं, आणि मोटर जास्त करंट खाऊन तापते. अशा वेळी चुंबक पुन्हा भारून घ्यावा लागतो. बहुतेकदा त्याची गरजच नसते. कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारं खाचांचं तांब्याचं कडं) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, त्याच्या खाचांतली काजळी लाकडी काडीने काढावी आणि बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब द्यावा. जास्त तेल कम्युटेटरवर जाऊन कार्बनचा चिखल करतं.

थ्रीडी प्रिंटिंगने या प्रमाणाला नवं बळ दिलं. ओओच्या फायली ७५ टक्क्यांवर आणल्या की बरोबर ३ मिलिमीटरचं मॉडेल होतं. पण भिंतीची जाडीही तेवढीच घटते. अर्ध्या मिलिमीटरचा कठडा ०.३७५ वर येतो आणि छपाईसाठी दिलेला आधार काढतानाच तुटतो. असे भाग फाइलमधून काढून टाकावेत आणि पितळी तारेचे करावेत.

२०२२ च्या जूनमध्ये पेकोने आणि ऑक्टोबरमध्ये हॉर्नबीने १:१२० ची घोषणा केली. आजची हॉर्नबी ही मार्गेटच्या त्याच ट्राय-अँगची वारसदार. लाइन्स ब्रदर्सने १९६४ साली मेकॅनो कंपनी घेतली, तिच्याबरोबर हॉर्नबी हे नाव आलं, आणि मागाहून ट्राय-अँग हे नाव गळालं. आता मोटरी बारीक झाल्यामुळे सांगाडा फुगवायचं कारण उरलं नाही, म्हणून नव्याने सुरुवात करताना १:१२० निवडणं रास्तच होतं. ३ मिलिमीटरवाल्यांना त्यातून काही थेट मिळालं नाही. रूळ मात्र दोघांना चालतो, फक्त जुन्या ट्राय-अँगच्या जाड कडांची चाकं नव्या सांध्यांवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) अडखळतात.

जुना माल विकत घेताना नुसत्या ‘टीटी’ या शब्दावर जाऊ नये. विक्रेत्याला रुळाच्या माथ्यापासून बफरच्या मध्यापर्यंतची उंची मोजायला सांगावी. साधारण १०.४ मिलिमीटर असेल तर ३ मिलिमीटरचं प्रमाण, ८.८ च्या आसपास असेल तर १:१२०. साडेचौसष्ट फुटी मार्क १ डबा पहिल्यात १९३.५ मिलिमीटरचा होतो, दुसऱ्यात १६४ चा. इमारती आणि फलाटांनाही हेच लागू. तीन फुटी फलाट एकात ९ मिलिमीटर उंच, दुसऱ्यात ७.६, जुन्या फलाटाला नवा डबा लावला की फलाट डब्याच्या मानाने उंच दिसतो.