मेरोपेनेमसमोर ‘आर’: दार बुजवलं की औषध फोडलं?

कल्चर रिपोर्टवर, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या जंतूच्या तपासणीत, क्लेब्सिएला न्यूमोनिई हा जंतू आणि एर्टापेनेम, मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिक्ससमोर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. एवढं वाचलं की ‘एनडीएम निघाला’ असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे. भारतात एनडीएम आणि ओएक्सए-४८ गटातली, ही औषधं फोडणारी एन्झाइम्स खरोखरच बोकाळलेली आहेत, त्यामुळे हा अंदाज पुष्कळदा बरोबरही ठरतो. पण ‘आर’ हे अक्षर फक्त औषधाला जंतू दाद देत नाही एवढंच सांगतं. का देत नाही, याची दोन अगदी वेगळी उत्तरं असू शकतात.

पहिलं उत्तर दाराचं. क्लेब्सिएलासारख्या ग्राम-निगेटिव्ह जंतूंना एक जादा बाह्यपटल असतं आणि त्यात पोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्या बसवलेल्या असतात. नाकाए आणि निकाइदो या संशोधकांनी १९७६मध्ये त्यांना हे नाव दिलं. साधारण ६०० डाल्टनपर्यंत (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचे रेणू यांतून आत शिरू शकतात. सुमारे १४५० डाल्टनचं व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक या जंतूंवर निरुपयोगी ठरतं ते त्यामुळेच. क्लेब्सिएलाची दोन मुख्य दारं म्हणजे ओएमपीके-३५ आणि ओएमपीके-३६. म्युटेशननं जनुकात मध्येच ‘थांबा’ अशी खूण आली, की प्रथिन अर्धवट राहतं आणि दार भिंतीत बसतच नाही. ओएमपीके-३६मधला बदल तर फारच हुशार. नळीच्या आत वळलेल्या वेटोळ्यात ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टेट ही दोनच अमिनो आम्लं जादा घुसतात आणि भोकाचा व्यास सुमारे चतुर्थांशानं घटतो. गडाचा मोठा दरवाजा लावून दिंडी तेवढी उघडी ठेवावी, तसं. अन्नाचे लहान रेणू बऱ्यापैकी येत-जात राहतात, मेरोपेनेम मात्र अडखळतं. दार पूर्ण गमावलेल्या जंतूची उपासमार होते, ती इथे बरीच टळते.

पण नुसतं दार बुजवून क्लेब्सिएलाचं सहसा भागत नाही. आत ईएसबीएल किंवा अ‍ॅम्पसी हे, मुख्यतः पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं फोडणारं, एन्झाइम लागतं. कार्बापेनेम फोडण्यात ही एन्झाइम्स अगदीच मंद. होडीत धो-धो पाणी शिरत असेल तर वाटीनं उपसून काय होणार? तेच पाणी थेंब-थेंब येऊ लागलं की वाटी पुरते. हा मार्ग बहुधा आधी एर्टापेनेमला नडतो. म्हणून एर्टापेनेम ‘आर’ आणि मेरोपेनेम अजून ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह, असा रिपोर्ट दिसला, की माझा पहिला संशय दारावर जातो.

दुसरं उत्तर कार्बापेनेमेजचं, म्हणजे कार्बापेनेम फोडणाऱ्या एन्झाइमचं. इथे दारं सताड उघडी असली तरी चालतं, कारण आत आलेलं औषध झपाट्यानं फोडलं जातं. एनडीएम हे त्यातलं आपल्याला सर्वांत परिचित नाव. २००८मध्ये, नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या क्लेब्सिएलात ते सापडलं, आणि नावात (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) दिल्ली आल्यामुळे पुढे बराच गदारोळ झाला. त्याचं जनुक बहुतेकदा प्लाझमिडवर, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळ्या, जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या कड्यावर असतं, त्यामुळे क्लेब्सिएलाकडून ई. कोलाय या दुसऱ्या जंतूकडे सहज जातं. पोरिनमधलं म्युटेशन गुणसूत्रावर असतं. ते असं शेजाऱ्याला देता येत नाही, आपल्याच वंशात राहतं.

दोन्हींत फरक करणारी एमसीआयएम (मॉडिफाइड कार्बापेनेम इनॅक्टिव्हेशन मेथड) चाचणी मला फार आवडते. मेरोपेनेम भरलेली कागदाची छोटी डिस्क संशयित जंतू मिसळलेल्या द्रवात चार तास ठेवायची आणि मग ई. कोलायच्या साध्या, औषधाला दाद देणाऱ्या वाणाच्या प्लेटवर टाकायची. कार्बापेनेमेज असेल तर डिस्कमधलं औषध संपलेलं असतं आणि ई. कोलाय डिस्कपर्यंत वाढत येतो. जंतूनं फक्त आपलं दार बुजवलं असेल, तर बाहेरच्या औषधाला धक्काही लागलेला नसतो, आणि डिस्कभोवती मोठं मोकळं वर्तुळ दिसतं. जुनी मॉडिफाइड हॉज चाचणी नेमकी इथेच फसायची. पोरिन गमावलेले, ईएसबीएल किंवा अ‍ॅम्पसी असलेले काही जंतू तिच्यात खोटे पॉझिटिव्ह यायचे.

स्यूडोमोनास या दुसऱ्या ग्राम-निगेटिव्ह जंतूची गोष्ट थोडी वेगळी. त्याचं ओपीआरडी हे दार मुळात लायसिनसारख्या अमिनो आम्लांसाठी असतं. इमिपेनेम हे कार्बापेनेम त्यातूनच आत सरकतं. हे दार गेलं की इमिपेनेम ‘आर’ होतं, मेरोपेनेम मात्र कधी कधी ‘एस’ राहतं. असा विषम रिपोर्ट लॅबची चूक म्हणून फेकून देऊ नये.

औषध निवडताना हा फरक थेट भिडतो. सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम (अँटिबायोटिक आणि एन्झाइमला गप्प करणारं औषध यांची जोडी) हे ईएसबीएल किंवा अ‍ॅम्पसी अधिक बुजलेलं दार या जोडीवर सहसा चालतं, केपीसी आणि ओएक्सए-४८ या कार्बापेनेमेजवरही चालतं. एनडीएमपुढे मात्र ते एकटं हरतं. तिथे सोबत अ‍ॅझट्रिओनॅम हे आणखी एक अँटिबायोटिक द्यावं लागतं.

आणि ‘हे की ते’ असं विचारताना ‘दोन्ही’ हेही उत्तर असू शकतं. केपीसी एन्झाइम बाळगणाऱ्या एसटी-२५८ या क्लेब्सिएलाच्या वंशात ओएमपीके-३५ मोडकं असतं, आणि अनेकांत ओएमपीके-३६ही अरुंद झालेलं असतं. केपीसीला गप्प करण्यासाठी मेरोपेनेमबरोबर वॅबोरबॅक्टम देतात. पण वॅबोरबॅक्टमलाही आत शिरायला तेच अरुंद झालेलं दार लागतं.