अमेरिकेतली शेती आणि नैसर्गिक संसाधनांची उन्हाळी संशोधन इंटर्नशिप: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

थंडीची सुट्टी संपत आली की मला एकाच वळणाचे मेल यायला लागतात. "दादा, एका विद्यापीठाची समर रिसर्च इंटर्नशिप दिसली. विषय माती आणि पाणी, दहा आठवडे, राहायची सोय, वर पैसेही. भरू का फॉर्म?" विचारणारी मुलं तीन प्रकारची असतात. इथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलेली, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर इथे बीएस करणारी, आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या कृषी महाविद्यालयात बीएस्सी ॲग्रीला असलेली. जाहिरात एकच, पण तिघांचं उत्तर वेगवेगळं निघतं. म्हणून मी आधी उलटा प्रश्न टाकतो: पैसा कुणाचा आहे, ते वाचलंस का?

ती ओळ बहुधा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. 'या उपक्रमास अमुक संस्थेचे अनुदान, क्रमांक तमुक.' मुलं ती सोडून थेट तारखेकडे जातात. पण पात्रता ठरते ती त्या ओळीवरून.

अनुदान अमेरिकेच्या केंद्र सरकारचं असेल तर

दोन नावं सारखी भेटतील. पहिलं आरईयू, म्हणजे 'रिसर्च एक्सपिरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स'. नॅशनल सायन्स फाउंडेशन, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था, १९८७ पासून हा कार्यक्रम चालवते. एकेका विद्यापीठाला किंवा संशोधन केंद्राला अनुदान मिळतं, त्या ठिकाणाला 'साइट' म्हणतात, आणि एका साइटवर साधारण दहा मुलं आठ ते दहा आठवडे पूर्ण वेळ काम करतात. अर्ज फाउंडेशनकडे नाही, थेट त्या साइटकडे करायचा. चार साइट आवडल्या तर चार अर्ज. काही साइट फाउंडेशनच्या ईटॅप नावाच्या सामाईक पोर्टलवरून अर्ज घेतात, काहींचा स्वतःचा फॉर्म असतो.

दुसरं आरईईयू, म्हणजे कृषी खात्याच्या निफा या संस्थेचं. यात एक 'ई' जास्त आहे, आणि तो ई एक्स्टेंशनचा, आपल्या भाषेत कृषी विस्ताराचा. प्रयोगशाळेत जे कळलं ते शेतकऱ्यापर्यंत कसं न्यायचं, हेही इथे शिकवतात. त्यामागे जुना इतिहास आहे: १८६२ च्या मॉरिल कायद्याने लँड-ग्रँट, म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनीच्या पैशातून निघालेली, विद्यापीठं उभी राहिली, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोग केंद्रं मिळाली आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारसेवा. (आपल्याकडचं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगरला निघालं ते याच साच्यावर. त्यामुळे बीएस्सी ॲग्रीच्या मुलांना इथल्या विभागांची नावं ओळखीची वाटतात.)

आरईयूच्या पैशावर फक्त अमेरिकेचे नागरिक, नॅशनल (अमेरिकन समोआत जन्मलेल्यांसारखे) किंवा कायम निवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक, घेता येतात. आरईईयूच्या जाहिरातींतही बहुधा हीच अट दिसते. 'पण माझा जीपीए ३.९ आहे' असं सांगून इथे काही होत नाही. साइटच्या संचालकाच्या मनात असलं तरी त्या पैशातून तो तुम्हाला घेऊ शकत नाही.

नागरिकत्वाचं जमलं की दुसरी अट, पदवीपूर्व विद्यार्थी असण्याची. गोंधळ होतो तो मधल्या जागांवर. मे महिन्यात पदवी हाती पडली आणि पुढे पदवीपूर्व प्रवेश नाही, तर तुम्ही बसत नाही. उलट बारावी झाली, कॉलेजात प्रवेश पक्का, पण वर्ग सुरू व्हायचेत, तर आरईयूच्या नियमांत बसता. एका कॉलेजातून दुसरीकडे ट्रान्सफर होताय आणि त्या उन्हाळ्यात दोन्हीकडे नाव नाही, तरीही चालतं. कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांच्या, मुलांनी तर संकोच करूच नये, कारण जिथे संशोधनाची सोय कमी आहे अशा ठिकाणची मुलं घ्यावीत असं अनुदानाच्या नियमांतच सुचवलेलं आहे.

विषयाच्या अटीने बिचकू नका. नैसर्गिक संसाधनं म्हटलं की जंगल, वन्यजीव, मासे, कुरणं, माती, पाणी सगळं आलं. ड्रोनने काढलेल्या फोटोंतून पिकाचा ताण ओळखायचा असेल तर कॉम्प्युटर सायन्सचं पोरगंही हवंच असतं.

एफ-१ वर असाल, किंवा भारतात असाल

विद्यापीठाच्या स्वतःच्या, एखाद्या प्राध्यापकाच्या इतर निधीच्या किंवा उद्योगाच्या पैशावर चालणारे कार्यक्रमही असतात. एफ-१ वाल्यांनी तिथे बघावं. आपल्याच विद्यापीठात काम असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत, पुढच्या सत्रात शिकणार असाल तर, पूर्ण वेळ करता येतं. दुसऱ्या विद्यापीठात जायचं म्हणजे ते कॅम्पसबाहेरचं काम, आणि त्याला सीपीटी, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, लागते. त्यासाठी काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं, आणि आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या व्हिसाच्या कागदावर तशी नोंद झाल्याशिवाय पहिल्या दिवशीही हजर व्हायचं नाही. 'कागद येतोय, तोवर सुरू कर' असं कुणी प्रेमाने म्हटलं तरी नाही.

भारतातल्या मुलांना मी स्पष्टच सांगतो. छापील समर प्रोग्रॅमपैकी बहुतेक तुमच्यासाठी नाहीत. तुमचा रस्ता म्हणजे जे-१ या आदानप्रदान व्हिसाचा 'स्टुडंट इंटर्न' हा प्रकार. आधी घ्यायला तयार असलेला एखादा प्राध्यापक हवा. मग त्याच्या विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय डीएस-२०१९ हा जे-१ साठी लागणारा फॉर्म देतं. सोबत डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा, ही इंटर्नशिप पदवीच्या अभ्यासात बसते असं तुमच्या महाविद्यालयाचं पत्र, खर्चाचा पुरावा, इंग्रजीचा पुरावा आणि आरोग्य विमा. हे महिनोन्‌महिने चालतं, त्यामुळे मार्चमध्ये सुरुवात करून मेमध्ये विमानात बसू, हे होत नाही. याशिवाय खुराना कार्यक्रमासारख्या, भारतातल्या विद्यार्थ्यांसाठीच आखलेल्या योजना आहेत. त्यांची जाहिरात भारतात निघते, अर्जही तिथूनच जातो.

आणि एक. आरईयू साइटला अर्जाची फी घ्यायला मनाई आहे. 'प्लेसमेंट'च्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर तो वेगळा धंदा आहे.

कागदपत्रं

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी अनऑफिशियल चालतं, पोर्टलवरून उतरवलेलं. रेझ्युमे एक पान. त्यात किराणा दुकानातली नोकरी किंवा मामाच्या शेतावरचा उन्हाळा लपवू नका. सकाळी सहाला उठून उन्हात काम केलेलं आम्हा अर्ज वाचणाऱ्यांना कळायला हवं असतं. नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा निवडीनंतर मागतात, अर्जात फक्त खूण करायची.

खरी निवड होते ती निबंधावर. मी काही वर्षं हे अर्ज वाचतो आहे. निम्मे निबंध 'मला लहानपणापासून निसर्गाची ओढ आहे' इथून सुरू होतात आणि जगाची भूक, हवामानबदल वगैरेंना हात लावून संपतात. वाचून झाल्यावर मुलाबद्दल काहीच हाती लागत नाही. त्यातच एकदा कम्युनिटी कॉलेजमधल्या एका मुलीचा अर्ज आला. तिने वर्गातल्या साध्या प्रयोगाबद्दल लिहिलं होतं. १०५ अंशांना ओव्हनमध्ये माती वाळवायची, वजन करायचं, ओलावा काढायचा. एकाच ढिगातली माती, पण तिचा आणि शेजारच्या जोडीचा आकडा जुळेना. शोधता शोधता कळलं की त्यांनी डबी ओव्हनमधून काढून झाकण न लावता टेबलावर ठेवली होती, आणि वाळलेल्या मातीने हवेतली ओल ओढून घेतली होती. झालं, एवढंच. पण जिला आकडा खटकतो आणि जी झाकणापर्यंत जाऊन पोहोचते, ती मला दहा आठवडे हवी होती. ती आली. पहिले दोन आठवडे तिने दोन मिलिमीटरच्या चाळणीतून माती चाळली आणि चिमट्याने मुळं वेचली. हे काम असंच असतं.

निबंधाचा दुसरा अर्धा भाग त्या साइटबद्दल हवा. तिथल्या दोन-तीन मार्गदर्शकांचं काम वाचा, आपल्याला कुणाबरोबर काय करायला आवडेल ते नावानिशी लिहा. एकच निबंध सगळीकडे चिकटवणाऱ्यांची एक हमखास चूक होते: दुसऱ्या विद्यापीठाचं नाव तसंच राहतं.

शिफारसपत्रं एक किंवा दोन लागतात. मोठ्या नावाच्या मागे लागू नका. तीनशे मुलांच्या वर्गात तुम्हाला 'ए' देणाऱ्या प्राध्यापकापेक्षा लॅब घेणारा, तुम्हाला नावाने ओळखणारा शिक्षक बरा. निदान तीन आठवडे आधी विचारा, सोबत रेझ्युमे आणि निबंधाचा मसुदा द्या. फॉर्ममध्ये एक चौकट येते: हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? फर्पा या १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे, त्याबद्दलचा हा प्रश्न. मुलं घाबरून 'नाही' म्हणतात. मी 'सोडतो' वर खूण करायला सांगतो, कारण न दाखवता लिहिलेल्या पत्राला वाचणारा जास्त वजन देतो.

पत्राची लिंक शिक्षकाला आपोआप जाते आणि कधीकधी स्पॅममध्ये पडते. माझ्याच एका विद्यार्थ्याची लिंक मला मुदत संपल्यावर सापडली, आणि त्या साइटने अपुरा अर्ज म्हणून बाजूला ठेवला तो ठेवलाच. तेव्हापासून मी मुलांना म्हणतो, लिंक गेली की सरांना साधा मेसेज टाका: "सर, मेल आला का?"

वेळापत्रक

जाहिराती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये यायला लागतात. मुदती बहुतेक जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, होकार-नकार मार्च-एप्रिलमध्ये. तुमचं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (वर्षाचे चार भाग करणारं) असेल तर परीक्षा जूनच्या मध्यापर्यंत चालतात, आणि कार्यक्रम मात्र मेच्या शेवटी सुरू होतो. उशिरा आलं तर चालेल का, हे अर्जाआधी संचालकाला विचारा, निवडीनंतर नको.

होकाराच्या पत्रात स्टायपेंड, राहणं, जेवण, प्रवास यांतलं काय काय मिळणार ते वेगवेगळं लिहिलेलं असतं, नीट बघा. स्टायपेंडमधून बहुधा कर कापला जात नाही, पण तो करमुक्तही नसतो, तेव्हा थोडे बाजूला ठेवा. उत्तर द्यायला काही दिवसच मिळतात. वेळ वाढवून हवा असेल तर मागता येतो, बरेच जण देतात. एका ठिकाणी हो म्हटलंत की उरलेल्या ठिकाणी त्याच दिवशी नाही कळवा, कारण तुमच्या नकाराशिवाय प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला आम्हाला फोन करता येत नाही.