‘सनडाउनर’ कलंडली का नाही?

१४ मे १९४० रोजी बीबीसीवरून ब्रिटिश नौदलाचा एक आदेश वाचून दाखवण्यात आला. ३० ते १०० फूट लांबीच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या खासगी सहलीच्या बोटींच्या मालकांनी चौदा दिवसांत आपल्या बोटीची माहिती कळवावी, असा तो आदेश होता. महिना संपायच्या आतच फ्रान्सच्या किनाऱ्यावरील डंकर्क बंदरात जर्मन फौजांनी कोंडलेले ब्रिटिश व मित्रराष्ट्रांचे सैन्य परत आणण्याची वेळ आली आणि नौदलाने अशा बोटी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. त्यांत चार्ल्स लाइटोलर यांची ५८ फुटी ‘सनडाउनर’ही होती. टायटॅनिकवरचे हे एके काळचे सेकंड ऑफिसर आता ६६ वर्षांचे होते. बोट दुसऱ्याच्या हाती देण्यास त्यांनी नकार दिला आणि थोरला मुलगा व एक सी-स्काउट तरुण यांना घेऊन १ जून रोजी ते स्वतःच इंग्लंडमधल्या रॅम्सगेट बंदरातून निघाले.

लहान बोटींनी सारे सैन्य घरी आणले, ही समजूत फारशी खरी नाही. सुटलेल्या ३,३८,२२६ सैनिकांपैकी बहुतेक जण बंदराच्या धक्क्यावरून मोठ्या जहाजांवर चढले. पुळणीवरून सुमारे ९९ हजार निघाले, आणि तिथे समुद्र दूरपर्यंत उथळ असल्यामुळे विनाशिकांपर्यंत माणसे पोहोचवण्यास लहान बोटींवाचून इलाज नव्हता. ‘सनडाउनर’ने मात्र आपली माणसे थेट इंग्लंडला नेली. त्यापूर्वी तिच्यावर कधी २१ पेक्षा जास्त माणसे चढली नव्हती. त्या दिवशी लाइटोलर यांच्या मोजणीनुसार १३० होती.

माणशी ७५ किलो धरल्यास हे ओझे जवळजवळ दहा टन भरते. अशा होडीचे पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर मानले, तर आर्किमिडीजच्या नियमाने ती वीस-बावीस सेंटिमीटर अधिक खोल जाईल. एवढ्याने ती बुडणार नाही. खरी भीती असते ती कलंडण्याची. होडी कलली की तिच्या पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर उचलणारा जोर ज्या बिंदूतून लागतो, तो बिंदू कललेल्या बाजूला सरकतो. तिथून सरळ वर काढलेली रेषा होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. होडीचा गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेपर्यंत ती पुन्हा सरळ होते. तो वर गेला की तेच बल तिला उलथवू लागते.

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य पायाखालच्या फळीपासून जवळपास एक मीटर उंच असतो, आडव्या माणसाचा जेमतेम वीतभर. म्हणूनच लाइटोलर यांनी आधी तळाच्या खोल्या भरल्या आणि खाली असो वा डेकवर, प्रत्येकाला पडून राहण्याची सक्त ताकीद दिली. आडवी माणसे एखादे विमान पाहायला एकदम एका बाजूला धावतही नाहीत, हा आणखी एक फायदा. डेकवर पन्नास जण झाल्यावर होडी सावरायला वेळ घेऊ लागल्याचे त्यांना जाणवले आणि त्यांनी भरती थांबवली. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाण्यास लागणारा वेळ वाढणे, म्हणजे गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांतले अंतर कमी होणे. कागद-पेन्सिल न घेता केलेले हे मोजमापच होते.

परतीच्या वाटेवर शत्रूच्या विमानांइतकाच त्रास शेजारून वेगाने जाणाऱ्या विनाशिकांच्या लाटांनी दिला. तशी लाट कुशीवर घेतली असती, तर उरलासुरला तोल संपला असता. म्हणून प्रत्येक वेळी इंजिनाचा वेग तोडून, होडी थांबवून ते तिचे नाक लाटेकडे वळवीत, कारण लांबीच्या दिशेने होडीचा तोल रुंदीच्या दिशेपेक्षा कितीतरी पटींनी भक्कम असतो. झरोके बंद असलेल्या तळघरात, न्हाणीच्या टबातसुद्धा कोंबलेल्या सैनिकांना या हेलकाव्यांनी ओकाऱ्या सुरू झाल्या, पण त्याला उपाय नव्हता.

रॅम्सगेटला उतरवतानाही आधी डेकवरची माणसे गेली. वरचे ओझे हलके झाल्यावरच तळातल्यांना वर येण्याची हाक मिळाली, आणि डेकवरचे पन्नास हीच सारी भरती समजून बसलेला धक्क्यावरचा अंमलदार ती रांग संपेपर्यंत पाहतच राहिला.